टीएससी 'अनस्टेबल' होऊन सर्व्हर एचपीईटीवर गेला, तर काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन सॉकेट, ६४ कोअरचा स्वतःचा सर्व्हर, उबुंटू २०.०४, कर्नल ५.४. त्यावर पोस्टग्रेस डेटाबेस आणि जावाची एक सेवा चालते. एका दुपारी कुणी काही न बदलता सगळं मंदावलं. सीपीयूचा 'सिस्टिम' वापर चढला, पर्फमध्ये (सीपीयूचा वेळ कुठे जातो ते दाखवणारं साधन) सगळ्यात वर 'रीड_एचपीईटी' दिसू लागलं, म्हणजे एचपीईटी हा प्रोसेसरबाहेरचा मंद टायमर वाचण्याचं काम. कर्नलच्या लॉगमध्ये ओळ सापडली की टीएससी (प्रोसेसरमधला काउंटर) हा क्लॉकसोर्स, म्हणजे वेळ मोजायचा आधार, अनस्टेबल (बेभरवशाचा) ठरवला आहे, कारण फरक फार मोठा आहे. कुणीतरी सल्ला दिला की बूट पॅरामीटरमध्ये 'टीएससी=रिलायबल' टाका, म्हणजे कर्नल टीएससीवर न तपासता विश्वास ठेवेल, आणि विसरून जा. टाकावं का?

आज रात्री टाकू नका. आज रात्री फक्त रीबूट करा, कसलाही पॅरामीटर न घालता. बहुधा तुमचा टीएससी परत येईल आणि वेगही. एकदा कर्नलने टीएससीवर काट मारली की चालू मशीनवर तो परत मिळत नाही. 'अव्हेलेबल_क्लॉकसोर्स' फाइलमधून त्याचं नावच जातं, त्यामुळे 'करंट_क्लॉकसोर्स' मध्ये हाताने लिहून उपयोग नसतो. पॅरामीटरचा निर्णय मात्र सावकाश घ्यायचा आहे, कारण त्यात वेगापेक्षा विश्वासाचा प्रश्न मोठा आहे.

आधी किंमत समजून घेऊ. टीएससी म्हणजे प्रोसेसरच्या आतला काउंटर. १९९३ च्या पेंटियमपासून तो आहे आणि एका सूचनेत वाचता येतो. लिनक्समध्ये प्रोग्रामने 'क्लॉक_गेटटाइम' वापरून वेळ मागितली की खरं तर कर्नलपर्यंत जावंच लागत नाही. कर्नल प्रत्येक प्रोसेसच्या मेमरीत एक छोटी लायब्ररी लावून ठेवतो, व्हीडीएसओ. तिच्याशेजारच्या पानावर मागच्या वेळचा काउंटर, एक गुणक आणि एक शिफ्ट लिहिलेला असतो. लायब्ररी टीएससी वाचते, जुना आकडा वजा करते, गुणते, सरकवते आणि वेळ हातात ठेवते. आजच्या मशीनवर हे सगळं वीस ते तीस नॅनोसेकंदांत होतं.

एचपीईटी प्रोसेसरच्या बाहेर, चिपसेटमध्ये बसतो. तो वाचायचा म्हणजे कॅशेला वळसा घालून थेट त्या पत्त्यावर जायचं आणि उत्तर येईपर्यंत कोअरने थांबायचं. शिवाय नव्या कर्नलमध्ये व्हीडीएसओतून एचपीईटी वाचण्याची सोय काढून टाकलेली आहे, म्हणजे दर वेळी खरा सिस्टिम कॉलही (कर्नलमध्ये प्रत्यक्ष फेरी) आला. सगळं धरून अर्धा ते दीड मायक्रोसेकंद. एसीपीआय पीएम टायमर या चिपसेटमधल्या आणखी एका घड्याळाचीही गत साधारण तीच, फक्त तो आय-ओ पोर्टवरून वाचतात.

तीस नॅनोसेकंद आणि एक मायक्रोसेकंद, दोन्ही आकडे ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण हिशेब मांडा. समजा एका विनंतीत चाळीस वेळा वेळ विचारली जाते. लॉग, मेट्रिक्स, टाइमआउट, ड्रायव्हर असं धरलं तर हा आकडा फुगवलेला नाही. सेकंदाला ५०,००० विनंत्या असतील तर वेळ वीस लाख वेळा विचारली जाते. टीएससीवर त्याला एका कोअरचे पाच-सहा टक्के लागतात. एचपीईटीवर मायक्रोसेकंदाच्या दराने दोन पूर्ण कोअर. इथपर्यंत कुणी म्हणेल, चौसष्टातले दोन गेले तर गेले. पण एचपीईटी आख्ख्या मशीनला एकच आहे. सगळे कोअर एकाच खिडकीसमोर रांगेत उभे राहतात, म्हणून सेकंदाला साधारण दहा लाख वाचनांच्या पुढे ती खिडकी जाऊच शकत नाही. कोअर वाढवले की फक्त रांग वाढते. २०१६ मध्ये कर्नलवाल्यांनी यावर एक झकास युक्ती घातली. ज्या कोअरला लॉक मिळतं तो काउंटर वाचतो आणि रांगेतले बाकीचे त्याचंच उत्तर उचलतात. त्याने मोठ्या मशीन गुदमरायच्या थांबल्या, पण मंदपणा गेला नाही. तुमच्या पर्फमध्ये जे दिसतंय ते नेमकं हेच आहे.

पोस्टग्रेसचं उदाहरण तर त्यांच्या अधिकृत कागदपत्रांतच आहे. एका आय७-८६० मशीनवर लाखभर ओळींची साधी मोजणी ९.८ मिलिसेकंदांत होते, तीच 'एक्सप्लेन अॅनालाइझ' (क्वेरीच्या प्रत्येक टप्प्याचा वेळ मोजणारी आज्ञा) लावून १६.६ मध्ये. क्लॉकसोर्स बदलून एसीपीआय पीएम केला की तेच ११५.९ मिलिसेकंद. क्वेरी तीच, डेटा तोच, फक्त प्रत्येक ओळीमागे घड्याळ बघण्याचा खर्च वाढला. तुमच्या टीमने गेल्या आठवड्यात 'एक्सप्लेन अॅनालाइझ' बघून इंडेक्स बदलले असं तुम्ही लिहिलंय, ते काम आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी अशातलं झालं. घड्याळ महाग असताना अॅनालाइझच्या वेळांवर विसंबू नका. निदान टायमिंग बंद करून तरी चालवा. पोस्टग्रेससोबत 'पीजी_टेस्ट_टायमिंग' नावाचं छोटं हत्यार येतं, एका वाचनाला किती नॅनोसेकंद लागतात ते ते सांगतं. रेडिस ७ या मेमरीतल्या डेटाबेसमध्येही 'चेक-सिस्टिम' हा पर्याय आहे, तो मंद क्लॉकसोर्स असेल तर तक्रार करतो.

आणि एक घरगुती परीक्षा. चालू प्रोसेसला एसट्रेस (सिस्टिम कॉल दाखवणारं साधन) लावा. त्यात 'क्लॉक_गेटटाइम' धडाधड दिसू लागलं, तर व्हीडीएसओ बाजूला पडलं आहे हे नक्की. निरोगी मशीनवर ते एसट्रेसला दिसतच नाही, कारण तो सिस्टिम कॉल होतच नाही. (अपवाद थ्रेडचा सीपीयू वेळ विचारण्याचा. त्यासाठी कर्नलमध्ये जावंच लागतं.)

आता मूळ प्रश्न. इतका स्वस्त काउंटर असताना कर्नल त्याच्यावर संशय का घेतो?

कारण टीएससीचा भूतकाळ तसा आहे. जुन्या प्रोसेसरवर तो सीपीयूच्या चालू वेगाने पळायचा. बॅटरी वाचवायला वेग कमी केला की घड्याळही हळू. कोअर गाढ झोपेत गेला की काही मॉडेलवर काउंटर थांबायचाच. पहिल्या दोन-कोअर एएमडी अॅथलॉन ६४ एक्स२ वर दोन कोअरचे काउंटर एकमेकांपासून सरकायचे, आणि प्रोसेस या कोअरवरून त्या कोअरवर गेली की वेळ मागे जायची. अशी एक मशीन माझ्याही वाट्याला आली होती, चार सॉकेटची. तिथे आमच्यातल्याच एकाने वेगासाठी टीएससी जबरदस्तीने चालू केला होता. सेशन संपायला किती वेळ उरला ते आमचा कोड दोन वेळांची वजाबाकी करून काढायचा, तीही अनसाइन्ड आकड्यांत. दुसरी वेळ पहिलीपेक्षा किंचित लहान निघाली की वजाबाकी थेट आकाशाला भिडायची आणि सगळे वापरकर्ते एकदम लॉगआउट. तीन दिवस आम्ही लोड बॅलन्सर धुंडाळत होतो. तेव्हापासून 'वेगवान पण अविश्वासू' घड्याळाची मला जरा धास्ती आहे, हे कबूल.

आजचे प्रोसेसर तसे नाहीत. 'सीपीयूइन्फो' मध्ये तीन शब्द शोधा. 'कॉन्स्टंट_टीएससी' म्हणजे वेग बदलला तरी काउंटर एकाच गतीने चालतो. 'नॉनस्टॉप_टीएससी' म्हणजे झोपेतही थांबत नाही. 'टीएससी_अॅडजस्ट' म्हणजे बायोसने (मशीनच्या फर्मवेअरने) काउंटरशी चाळा केला तर कर्नलला तो पकडता आणि दुरुस्त करता येतो. तिन्ही असतील तर हार्डवेअरच्या बाजूने टीएससी बहुधा निर्दोष.

तरीही कर्नल पहारा ठेवतो. दर अर्ध्या सेकंदाला त्याचा वॉचडॉग (पहारेकरी) टीएससी वाचतो, लगेच एचपीईटी वाचतो आणि मागच्या फेरीपासून दोघांनी किती वेळ मोजला ते ताडून बघतो. तुमच्या ५.४ मध्ये फरकाची मर्यादा ६२.५ मिलिसेकंद आहे. अर्ध्या सेकंदात ६२.५ म्हणजे साडेबारा टक्के. जरा थांबून हा आकडा बघा. कुठलाही धडधाकट क्वार्ट्झ साडेबारा टक्के चुकत नाही. साध्या क्रिस्टलची चूक दहा लाखांत काही डझन भागांची असते. दहा लाखांत एक भाग म्हणजे दिवसाला ८६.४ मिलिसेकंद, शंभर भाग म्हणजे साडेआठ सेकंदांच्या आसपास. म्हणून पहारेकरी ओरडला तर बहुधा शक्यता दोनच उरतात. एक तर काउंटर खरोखर बिघडला, म्हणजे कुणीतरी त्यात आकडा लिहिला किंवा तो थांबला. नाही तर दोन वाचनांच्या मध्ये पहारेकऱ्यालाच डुलकी लागली.

कुठली शक्यता खरी, हे लॉगमध्येच लिहिलेलं असतं, पण बहुतेक जण पहिली ओळ वाचून थांबतात. खालच्या दोन ओळींत दोन्ही काउंटरचे आताचे आणि मागचे आकडे हेक्समध्ये (सोळाच्या पायात) असतात. तुम्ही दिलेल्या आकड्यांची मी वजाबाकी केली. टीएससी सुमारे १०५ कोटी ८४ लाखांनी पुढे गेला आहे. २.१ गिगाहर्ट्झने भागा, ०.५०४ सेकंद. एचपीईटी ८२ लाख ३३ हजारांनी पुढे. त्याला १४.३१८१८ मेगाहर्ट्झने भागा, ०.५७५ सेकंद. म्हणजे टीएससीचं वाचन ठरल्या वेळी झालं. लगेच पाठोपाठ व्हायला हवं होतं ते एचपीईटीचं वाचन ७१ मिलिसेकंद उशिरा झालं. त्या क्षणी इंटरप्ट बंद असतात, तेव्हा कर्नलमधला दुसरा कुणी मध्ये घुसणं कठीण. इंटरप्ट बंद असतानाही मध्ये घुसू शकतो तो फर्मवेअर, एसएमआय नावाचा खास इंटरप्ट मारून. ऑपरेटिंग सिस्टिमला न विचारता तो सीपीयू आपल्या ताब्यात घेतो. मेमरीतल्या चुकांची नोंद, तापमान, पॉवर, असली कामं करतो आणि परत देतो. गेलेला वेळ कुणाच्या खात्यावर पडत नाही.

एका नोंदीवरून मी शंभर टक्के सांगणार नाही. पण माझा कौल असा की टीएससी निर्दोष आहे, चोर सोडून संन्याशाला फाशी झाली आहे. पडताळायचं तर टर्बोस्टॅट चालवा, त्यात एसएमआयचा रकाना असतो. तो आकडा वाढत असेल त्या वेळी मेमरीच्या दुरुस्त होणाऱ्या चुकांची नोंद बघा. एखादी डीआयएमएम (मेमरीची पट्टी) मरायला टेकली असण्याची शक्यता मला बरीच वाटते. तसं असेल तर 'टीएससी=रिलायबल' टाकून तुम्ही धूर दाखवणारा दिवा तेवढा विझवला असता. ७१ मिलिसेकंदांची ती डुलकी तशीच राहिली असती, फक्त मग ती डेटाबेसच्या लेटन्सीत दिसली असती आणि कारण कळलं नसतं.

याउलट लॉगमध्ये बूटच्या वेळी 'सीपीयूंमध्ये टीएससी वॉर्प मोजला, टीएससी बंद करत आहे' अशा अर्थाची ओळ असती, तर मी वेगळं बोललो असतो. तिथे कर्नलने दोन कोअरचे काउंटर प्रत्यक्ष ताडून एकाला दुसऱ्याच्या मागे पकडलेलं असतं. तो पुरावा आहे. तिथे जबरदस्ती केली तर आमच्या लॉगआउटची गोष्ट तुमच्याकडे घडेल. औषध म्हणजे बायोसचं अपडेट, आणि तोवर एचपीईटीचा मंदपणा सोसायचा. आणखी एक सापळा: 'रिलायबल' हा पॅरामीटर चालू असतानाचा पहाराच नव्हे, बूटच्या वेळची ही तपासणीही बंद करतो. फक्त पहारा थांबवायचा असेल तर 'टीएससी=नोवॉचडॉग' आहे, तो त्यातल्या त्यात सौम्य.

दुसरी गंमत म्हणजे कधी कधी बिघडलेला पहारेकरीच असतो. इंटेलच्या कॉफी लेक पिढीत प्रोसेसर खोल झोपेत गेला की एचपीईटीच चुकायचा, आणि दोष टीएससीवर यायचा. २०१९ मध्ये लिनक्सने त्या मशीनवर एचपीईटी सरळ बंद करून टाकला. एसीपीआय पीएमची खोड वेगळी. तो बहुतेकदा २४ बिटांचा आणि ३.५७९५४५ मेगाहर्ट्झचा असतो, म्हणून साधारण ४.७ सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो. व्हर्च्युअल मशीन पाच सेकंद गोठली तर त्याचा हिशेब चुकलाच.

त्या विचित्र ३.५७९५४५ आकड्याचं मूळ अमेरिकेत १९५३ मध्ये ठरलेल्या रंगीत टीव्हीच्या मानकात आहे. त्याच्या चौपट, १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल टीव्हीमुळे स्वस्तात मिळायचा, म्हणून १९८१ च्या आयबीएम पीसीत तोच बसवला. तीनने भागून ४.७७ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, बाराने भागून १.१९३ मेगाहर्ट्झचा टायमर. तुमच्या ६४ कोअरच्या सर्व्हरचा एचपीईटी आजही त्याच १४.३१८१८ वर चालतो. याचा तुमच्या समस्येशी काही संबंध नाही, पण मला दर वेळी मौज वाटते.

पुढचं धोरण. हार्डवेअरची तपासणी झाली, बायोस नवा झाला, की कर्नल बदला. नव्या कर्नलमध्ये वॉचडॉग सुधारला आहे. वाचायला उशीर झाला असं दिसलं तर तो लगेच शिक्षा न देता पुन्हा वाचतो. शिवाय वरचे तिन्ही गुण असलेल्या एक-दोन सॉकेटच्या मशीनवर टीएससीवरचा पहारा कर्नल आता आपणहून उठवतो. म्हणजे तुम्हाला पॅरामीटरने जे मिळवायचं होतं तेच मिळतं, पण नीट पात्रता बघून. काही कारणाने ५.४ वरच राहावं लागणार असेल, तर वरची सगळी तपासणी झाल्यावर 'रिलायबल' टाका. मग माझी हरकत नाही. फक्त नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या क्रोनी या प्रोग्रामच्या 'ट्रॅकिंग' मधली फ्रीक्वेन्सी (घड्याळ किती चुकतं तो दर) काही आठवडे टिपून ठेवा. ती काही डझन पीपीएमच्या (दहा लाखांत भाग) आत शांत बसली असेल तर टीएससी इमानदार आहे.

क्रोनीवरून आठवलं. तुमच्या ऑडिटरने 'आमचं घड्याळ तर एनपीएलशी (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेशी) जुळलेलं आहे, मग क्लॉकसोर्सचा प्रश्न कसा?' असं विचारलं म्हणे. सीईआरटी-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश एनआयसी (सरकारचं संगणक-केंद्र) किंवा एनपीएलच्या एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून वेळ देणाऱ्या, सर्व्हरशी वेळ जुळवायला सांगतो, ते बरोबर. पण एनटीपी सांगतं की आता किती वाजले. क्लॉकसोर्स म्हणजे दोन जुळवण्यांच्या मधला काळ मशीन कशाने मोजते ते. एचपीईटीवर असतानाही तुमची वेळ अचूक होतीच, फक्त विचारायला महाग होती. ऑडिटला धोका नाही.

क्लाउडचंही विचारलंय, तिथे नियम फिरतात. व्हर्च्युअल मशीनमध्ये एचपीईटी आणि एसीपीआय पीएम हे नक्कल केलेले असतात. दर वाचनाला पाहुणी (व्हर्च्युअल) मशीन थांबते, यजमान (खरा सर्व्हर) उत्तर देतो, आणि खर्च कित्येक मायक्रोसेकंदांवर जातो. तिथे ते दिसले तर हटवाच. केव्हीएम या लिनक्सच्या व्हर्च्युअल मशीन चालवण्याच्या सोयीवरचा 'केव्हीएम-क्लॉक' चांगला असतो. तोही आतून टीएससीच वाचतो, व्हीडीएसओतून चालतो, आणि मशीन दुसऱ्या यजमानावर हलवली तर गुणक बदलून घेतो. लिनक्स त्याला ४०० चं मानांकन देतो, टीएससीला ३००. मात्र टीएससी पक्का असल्याचं दिसलं की केव्हीएम-क्लॉक मुद्दाम २९९ वर येतो, म्हणजे टीएससी निवडला जावा. अॅमेझॉनच्या जुन्या, झेन या व्हर्च्युअलायझेशन प्रणालीवरच्या मशीनवर 'झेन' क्लॉकसोर्समुळे व्हीडीएसओ चालायचंच नाही आणि प्रत्येक वाचन सिस्टिम कॉल व्हायचं. तिथे टीएससी करून घेण्याचा सल्ला अॅमेझॉनच देतं. स्वतःच्या केव्हीएम क्लस्टरवर वेगवेगळ्या गतीच्या यजमानांमध्ये लाइव्ह मायग्रेशन (चालू मशीन हलवणं) करत असाल, तर पाहुण्यात टीएससीची जबरदस्ती करू नका.

विंडोजवर 'यूज-प्लॅटफॉर्म-क्लॉक' चालू करा म्हणजे गेम गुळगुळीत चालतात, असा एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याने विंडोज टीएससी सोडून प्लॅटफॉर्मचा टायमर, बहुधा एचपीईटी, वापरू लागतं. म्हणजे तुमच्यावर जे अपघाताने आलं तेच लोक हौसेने ओढवून घेतात. कुणी केलं असेल तर उलटवा. एआरएमवर हा तंटाच जवळजवळ नाही. तिथे सगळ्या कोअरना समान काउंटर देणं आर्किटेक्चरचंच बंधन आहे. उणीव इतकीच की त्याची गती कमी असते. रास्पबेरी पाय ४ वर ५४ मेगाहर्ट्झ, म्हणजे साडेअठरा नॅनोसेकंदांपेक्षा बारीक काही दिसत नाही.

जावाच्या सेवेबद्दल दोन शब्द. घड्याळ स्वस्त झालं तरी एका विनंतीत चाळीसदा ते बघायची गरज कुणाला आहे? लॉगच्या शिक्क्याला मिलिसेकंद पुरतात. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर इव्हेंट लूपच्या फेरीत एकदा वेळ घेऊन तीच वापरतो, ती सवय चांगली. सी किंवा रस्टमध्ये असाल तर 'मोनोटॉनिक_कोअर्स' हा ढोबळ वेळेचा पर्याय आहे. तो हार्डवेअर वाचतच नाही, कर्नलने मागच्या टिकला (ठरावीक ठोक्याला) लिहिलेली वेळ देतो, म्हणून एचपीईटीवरही तो टीएससीइतकाच स्वस्त. पण उबुंटूच्या नेहमीच्या २५० हर्ट्झच्या कर्नलवर त्याची वेळ चार मिलिसेकंदांपर्यंत शिळी असते. टाइमआउटला चालेल, लेटन्सी मोजायला मुळीच नाही. आणि कालावधी मोजताना जावात 'नॅनोटाइम' वापरा. 'करंट-टाइम-मिलिस' एनटीपीच्या धक्क्याने मागेपुढे होऊ शकतो.

शेवटचं काम अगदी छोटं आहे, आजच करा. मॉनिटरिंगमध्ये 'करंट_क्लॉकसोर्स' फाइलवर एक तपासणी लावा, तिच्यात 'टीएससी' सोडून दुसरं काही आलं की फोन वाजला पाहिजे. आणि रीबूट करण्याआधी कर्नलचा आत्ताचा लॉग दुसरीकडे कॉपी करून घ्या. ते हेक्स आकडे डीआयएमएम बदलून मागताना हार्डवेअरवाल्यांपुढे ठेवायला लागतील.